क्रिकेटच्या पिचसाठी निवडणूक लढवू का?

या वेळचं पत्र शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातून आलं आहे. जागेसाठी थोडं कापलं आहे, गावाचं नावही गाळलं आहे.

"सप्रेम नमस्कार. आम्ही चौदा वर्षं इथेच, याच घरात आहोत. मी एका दातांच्या दवाखान्यात हिशेब आणि इन्शुरन्सची कामं बघते. दोन वर्षांपूर्वी मला नागरिकत्व मिळालं, तेव्हाच मी माझं लांबलचक नाव कोर्टात छोटं करून घेतलं. यांचं अजून ग्रीन कार्डच आहे. घरामागच्या पार्कात क्रिकेटचं पिच आहे. तिथे शनिवार-रविवार खेळणाऱ्या क्लबचे हे खजिनदार. आता पार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथली पार्कं चालवणारी स्थानिक संस्था, म्हणतं, पिच काढून तिथे पिकलबॉलची, म्हणजे छोट्या कोर्टावरच्या टेनिससारख्या खेळाची, कोर्टं करू. मी त्यांच्या बोर्डाच्या मीटिंगला गेले आणि तीन मिनिटं बोलले. हात थरथरत होते, पण बोलले. बाहेर पडताना एक वयस्कर गोऱ्या बाई भेटल्या, त्या पूर्वी कमिशनर, म्हणजे या बोर्डाच्या सदस्य, होत्या. म्हणाल्या, 'पुढच्या निवडणुकीला तुम्ही उभ्या राहा.' तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. हे म्हणतात, 'नसत्या भानगडीत पडू नकोस.' सासूबाई म्हणतात, 'निवडणूक म्हणजे चारचौघांत शोभा.' मैत्रीण म्हणते, 'महाराष्ट्र मंडळ तुझ्या पाठीशी उभं करू, उमेदवारीच्या अर्जाला लागणाऱ्या सगळ्या सह्या गणपतीत एका दिवसात होतील.' एक तेलुगू बाईही उभ्या राहणार आहेत असं कळलं, मग आपल्या लोकांची मतं फुटणार नाहीत का? शिवाय माझं इंग्रजी कामापुरतं. पिच वाचवायचं असेल तर दुसरा मार्ग दिसत नाही. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही उभ्या राहाव्यात असं मला मनापासून वाटतं. मात्र पिच वाचवायला उभ्या राहू नका. त्या कामासाठी खुर्ची तुमच्या उपयोगाची नाही, उलट ती तुमचे हात बांधेल.

समजा, तुम्ही निवडून आलात, शपथ घेतलीत आणि तिसऱ्या-चौथ्या मीटिंगला क्रिकेट क्लबच्या भाडेकराराचा विषय आला. क्लबचा खजिनदार कोण, तर नव्या कमिशनरबाईंचे यजमान. बोर्डाचा वकील तुम्हाला बहुधा हेच सांगेल, की हितसंबंध जाहीर करा आणि या विषयावर मत देऊ नका. म्हणजे सात जणांच्या बोर्डात सहा जण बोलणार, आणि जिने त्यासाठीच दारोदार हिंडून मतं मागितली ती मांडीवर हात ठेवून बसणार. वकील काही म्हणाला नाही तरी गाव म्हणेलच. 'नवऱ्याच्या क्लबासाठी आली' हा शिक्का एकदा बसला, की तुम्ही तळ्याच्या काठाच्या दुरुस्तीवर बोललात तरी लोक त्यात क्रिकेट शोधतील.

शिवाय वेळेचं गणितही जुळत नाही. इलिनॉयमध्ये पार्क डिस्ट्रिक्टची निवडणूक विषम वर्षातल्या एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होते. पुढची ६ एप्रिल २०२७ ला आहे. प्रस्ताव आत्ताच टेबलावर असेल तर तोवर पिचचा निकाल लागलेला असेल. तेव्हा ती लढाई आत्ता, साध्या रहिवासी म्हणूनच लढा. त्यासाठी लागणारी हत्यारं कायद्याने तुम्हाला आधीच दिली आहेत. राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार नियमित मीटिंगचा अजेंडा किमान ४८ तास आधी लावावा लागतो आणि लोकांना बोलायची संधी द्यावीच लागते. माहितीच्या कायद्याखाली अर्ज केलात तर पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर मुदत थोडी वाढवून मागतात. त्या अर्जात गेल्या तीन हंगामांत त्या मैदानाची बुकिंग किती झाली, भाडं किती आलं, कोणत्या वारी मैदान रिकामं होतं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी काय आल्या, हे सगळं मागा. भावनेच्या तीन मिनिटांपेक्षा आकड्यांचा एक कागद जड जातो. हिशेबाचं काम तुम्ही रोज करता, हे मी तुम्हाला काय सांगू!

पण हे आकडे क्लबाच्या विरोधातही निघू शकतात, त्याची तयारी ठेवा. बोर्ड एक प्रश्न हमखास विचारेल, 'खेळणाऱ्यांपैकी या डिस्ट्रिक्टचे रहिवासी किती?' शनिवारी सकाळी त्या मैदानाबाहेर लागलेल्या गाड्या आठवा. निम्मी टीम शेजारच्या दोन-तीन गावांतून येते की नाही? करभरणा करणाऱ्यांच्या जमिनीवर बाहेरचे खेळतात, हा मुद्दा समोरचे लोक काढणारच, आणि तो अगदीच खोटा नाही. जून २०२४ मध्ये आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रवळकरने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, हे तुम्ही जरूर सांगा, ऐकायला छान वाटतं. पण पिकलबॉलच्या एका कोर्टाला २० बाय ४४ फूट जागा पुरते आणि क्रिकेटला अख्खं मैदान लागतं, हे गणित बोर्डाच्या डोक्यात आधी येतं. तिथल्या गावातली शाळकरी मुलं आठवड्यातल्या संध्याकाळी त्या पिचवर शिकायला येतात असं दाखवता आलं, तर बोलण्यासारखं काही तरी तुमच्या हाती असेल.

तर पिचचा विषय इथे बाजूला ठेवू. मग उभं का राहायचं?

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. हात थरथरत होते, तरी तुम्ही बोललात. आणि ज्यांनी हे काम केलं आहे अशा बाईंनी तुम्हाला ओळखलं. त्या उगाच गोड बोलल्या असतील असं मला वाटत नाही. अशा बोर्डांना माणसं मिळत नाहीत. कित्येक गावांत जागा तीन आणि उमेदवारही तीनच, अशी अवस्था असते. पगार शून्य, कारण इलिनॉयमध्ये पार्क कमिशनर विनामोबदला काम करतात. मुदत चार किंवा सहा वर्षांची, डिस्ट्रिक्टप्रमाणे. एवढ्यासाठी महिन्यातल्या एक-दोन संध्याकाळी देणारी, हिशेब कळणारी बाई मिळत असेल तर ती त्यांना हवीच आहे.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांसाठी जाता जाता थोडं सांगते, नाही तर न्यू जर्सीहून लगेच मेल येतील. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पार्कचं बोर्ड नेमलेलं असतं आणि नुसतं सल्ला देतं, बागा चालवते नगरपालिकाच. मिनियापोलिससारखी शहरं अपवाद, तिथलं निवडून आलेलं पार्क बोर्ड १८८३ पासून आहे. इलिनॉयची तऱ्हा आणखी वेगळी. इथे तीनशेहून अधिक पार्क डिस्ट्रिक्ट आहेत, आणि प्रत्येक म्हणजे स्वतःचा कर लावणारं छोटं सरकारच. गंमत अशी, की खुद्द शिकागो शहरात पार्कचं बोर्ड महापौर नेमतात. लोक निवडून देतात ते उपनगरांत. आपल्याकडे बागेच्या दारावर नगरसेवकाच्या नावाची पाटी असते आणि बाकाबाकावर 'सौजन्य', म्हणून आपल्याला वाटतं बाग ही कुणाची तरी मेहेरबानी. इथे तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात पार्कची स्वतंत्र ओळ असते. शाळांचा वाटा सगळ्यात मोठा, त्या मानाने पार्कचा छोटा, पण तो तुमच्याच खिशातून जातो. या वर्षीचं बिल काढून ती ओळ शोधा. तो आकडा किती असावा हे ठरवायला तुम्ही उभ्या राहणार आहात.

आणि या कामाची खरी परीक्षा तिथेच आहे. तुम्ही एका मीटिंगला गेलात, तीही आपला विषय होता म्हणून. आता अशा मीटिंगांना जा जिथे तुमचा काहीही विषय नाही. मागे बसा, बोलू नका. कर किती वाढवता येतो याची मर्यादा, म्हणजे महागाईचा दर किंवा ५ टक्के यांतलं जे कमी असेल ते, त्यावर अर्धा तास चर्चा होईल. २०२५ पासून राज्यात किमान वेतन तासाला १५ डॉलर झालं, त्याने तरणतलावाच्या लाइफगार्डांचा खर्च किती वाढला ते कुणी वाचून दाखवेल. पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याचा काठ खचला, त्याच्या तीन निविदा येतील. २००६ मध्ये इलिनॉयमध्ये सापडलेल्या हिरव्या भुंग्याने ॲशची झाडं खाल्ली, त्यांच्या जागी काय लावायचं यावर वनस्पतितज्ज्ञ स्लाइड दाखवतील. आणि कुणी तरी रागाने उभं राहून कॅनडा गीझच्या, म्हणजे पार्कात उतरणाऱ्या रानहंसांच्या, विष्ठेबद्दल बोलेल. गीझचा विषय निघाला नाही अशी पार्क बोर्डाची मीटिंग मी तरी अजून ऐकलेली नाही.

हे ऐकताना तुम्हाला जांभया आल्या तर हरकत नाही, त्या सगळ्यांनाच येतात. पण जांभई देता देता 'हा तिसरा ठेकेदार एवढा स्वस्त कसा?' असा प्रश्न मनात आला तर समजा, की हे काम तुमचं आहे. नुसत्या जांभयाच आल्या तर घरी जाऊन क्लबाच्या कामात मदत करा, त्यातही काही कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. इलिनॉयमधली बरीचशी पार्क डिस्ट्रिक्टं एकत्र येऊन अपंग मुलं आणि मोठ्या माणसांसाठी वेगळी करमणूक संस्था चालवतात. ड्युपेज काउंटीच्या पश्चिम भागातली अशी संस्था १९७६ पासून आहे. आपल्या समाजात ऑटिझम असलेलं मूल घरात असेल तर आईबाप त्याला गणपतीलासुद्धा आणत नाहीत, आणि गावातच त्याच्यासाठी पोहण्याचा वर्ग आहे हे त्यांना माहीतही नसतं. तुम्ही बोर्डावर जाऊन एवढं जरी आपल्या लोकांपर्यंत पोहोचवलंत तरी मला ते पिचपेक्षा मोठं वाटेल. हे माझं मत, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

आता सह्या. तुमची मैत्रीण म्हणते, गणपतीत एका दिवसात होतील. तारखांचा हिशेब तिचा बरोबर आहे. अर्ज भरायचे नोव्हेंबरात, आणि सह्या गोळा करायला त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाआधी ९० दिवस मिळतात, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी सुरुवात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटतं. आणि उमेदवार नेमके इथेच बुडतात.

डोळ्यांसमोर आणा. हायस्कूलचा हॉल, आरती झाली आहे, प्रसादाची रांग लागली आहे, आणि तुम्ही क्लिपबोर्ड घेऊन दाराशी. पहिले काका येतात, प्रेमाने सही करतात. राहतात कुठे? पंचवीस मैलांवर. सही बाद. मागून एक जोडपं येतं, दोघंही नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, म्हणजे मतदार नाहीत. बाद. तिसरे गृहस्थ तुमच्याच गल्लीतले, नागरिकही आहेत, पण मतदार नोंदणी कधी केलीच नाही. बाद. चौथे सही करतात आणि म्हणतात, 'मिसेसची पण मीच करतो, ती आत ताटं वाढतेय.' ही सगळ्यात धोक्याची. ज्याची सही त्यानेच, तुमच्या समोर करायची, कारण पानाखाली तुम्ही शपथेवर लिहून देणार असता, की या सह्या माझ्यासमोर झाल्या. एका हाताने केलेल्या दोन सह्या तपासणाऱ्याला लगेच दिसतात, आणि मग संशय अख्ख्या पानावर जातो.

सही करणारा तुमच्या पार्क डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा नोंदणीकृत मतदार हवा, आणि ज्या पत्त्यावर नोंदणी तोच पत्ता हवा. पार्क डिस्ट्रिक्टची हद्द आणि गावाची हद्द एक नसते. पोस्टाच्या पत्त्यात तुमच्या गावाचं नाव असलेलं घर शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतं, रस्त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. म्हणून आधी हद्दीचा नकाशा आणि मतदार यादी मिळवा, मग त्या यादीप्रमाणे घरोघर जा. जुन्या पिढीतले काही जण मराठीत सही करतात. नोंदणीच्या वेळी जशी केली असेल तशीच करायला सांगा. तुमचे यजमान सोबत चालले तर छानच, पण क्लिपबोर्ड तुमच्याच हातात हवा. सह्या गोळा करणारी व्यक्ती अमेरिकन नागरिक लागते, ग्रीन कार्डवाल्याने गोळा केलेलं पान टिकत नाही.

किती सह्या लागतात ते तुमच्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात विचारून घ्या आणि त्याच्या दुप्पट गोळा करा. पानं भरण्याआधी वर तुमचं नाव, पद, डिस्ट्रिक्ट आणि निवडणुकीची तारीख लिहिलेली हवी. प्रत्येक पानाखालच्या शपथेवर नोटरी. पानांवर ओळीने क्रमांक आणि सगळी पानं एका कडेला नीट बांधलेली. उमेदवारीचं शपथपत्र आणि त्यावरही नोटरी. आर्थिक हितसंबंधांचं निवेदन काउंटी क्लार्ककडे भरून त्याची पावती. यातलं एक राहिलं तरी हरकत येते, आणि एकदा दिलेल्या कागदांत नंतर भर घालता येत नाही. अर्जांची मुदत संपल्यावर हरकतीसाठी पाच कामाचे दिवस असतात. हा काही पोरखेळ नव्हे. १९९६ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बराक ओबामांनी पक्षांतर्गत निवडणुकीतल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांवर हरकती घेतल्या आणि ते सारे बाद झाले. इलिनॉयमध्ये राजकारण शिकायचं म्हणजे आधी पानं बांधायला शिकायचं.

आणि तुमचं नाव! तुम्ही ते सहज लिहिलंत, पण मी तिथेच थांबले. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या तीन वर्षांत नाव बदललं असेल, तर कागदांवर नव्या नावापुढे 'पूर्वीचं नाव अमुक, अमुक तारखेपर्यंत' असं लिहावं लागतं आणि वेगळं शपथपत्र जोडावं लागतं. लग्न, घटस्फोट किंवा दत्तकामुळे बदललेल्या नावाला यातून सूट आहे, नागरिकत्वाच्या वेळी हौसेने छोटं केलेल्या नावाला नाही. तुमची तारीख कोर्टाच्या कागदावर बघा आणि पहिली सही घेण्याआधी निवडणुकीची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. त्या एका तासाची फी सगळ्या प्रचारातला सर्वात शहाणा खर्च ठरेल.

मंडळाचं म्हणाल तर मैत्रिणीला आत्ताच थांबवा. आपली बहुतेक मंडळं ५०१(सी)(३) खाली नोंदलेली धर्मादाय संस्था असतात, त्यांना कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून तुमचं पत्रक नको, स्टेजवरून 'आपल्या ताईंना मत द्या' नको. मंडळातली माणसं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोनवरून हवं ते करू शकतात. पैशाचंही तसंच. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, एच-१बी वरच्या भाच्याकडून पाच डॉलरसुद्धा घेऊ नका. त्याला दारोदार पत्रकं वाटू दे, फुकट काम करायला मनाई नाही. जमा किंवा खर्च ५,००० डॉलरच्या वर गेला की राज्याच्या निवडणूक मंडळाकडे समिती नोंदवावी लागते. तुम्हाला एवढे लागू नयेत. अंगणातले बोर्ड, पोस्टकार्डं आणि चांगले बूट, एवढाच खर्च. बोर्ड लोकांच्या अंगणात, त्यांना विचारून लावा. पार्कात किंवा पार्क डिस्ट्रिक्टच्या इमारतीसमोर चुकूनही नको.

तेलुगू बाईंची तुम्ही काळजी करता आहात, ती मला चुकीच्या ठिकाणी वाटते. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये एका वेळी तीन जागा भरायच्या असतील तर प्रत्येक मतदाराला तीन मतं असतात. त्या आणि तुम्ही दोघीही निवडून येऊ शकता. पण 'आपली मतं' हा हिशेबच सोडा. एप्रिलच्या निवडणुकीला पाचांतला एक मतदार फिरकला तरी खूप, आणि जे फिरकतात ते बहुतेक वर्षानुवर्षं मत देणारे, साठीच्या पुढचे, घरापुढचं गवत वेळेवर कापणारे लोक असतात. तुम्हाला निवडून देणार ते. त्यांच्या दारावर जा. त्या बाईंना फोन करा, कॉफी प्या, कोणत्या गोष्टीत त्यांना रस आहे ते ऐका. एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवते. दोघी निवडून आलात तर पुढे असंच कॉफीला बसताना तिसरा कमिशनर बरोबर घेऊ नका. सात जणांच्या बोर्डाची गणपूर्ती चार, आणि त्या चारांचं बहुमत तीन. तिघं एकत्र बसून बोर्डाच्या कामावर बोलले की कायद्याने ती मीटिंग होते आणि तिची आधी सूचना द्यावी लागते. दिवाळीचा फराळ असो, नाही तर व्हॉट्सॲपचा ग्रुप.

इंग्रजीचं काय सांगू? दातांच्या दवाखान्यात इन्शुरन्सवाल्यांशी रोज फोनवर भांडते ती बाई मला सांगते, माझं इंग्रजी कामापुरतं! कामापुरतंच लागतं. दारावर उभं राहून 'तुमच्या जवळच्या पार्कात काय बिघडलंय?' एवढं विचारायचं आणि मग ऐकून घ्यायचं. लोक तुमचे उच्चार विसरतील, तुम्ही लिहून घेतलंत की नाही ते विसरणार नाहीत. कुणी एखादा वाकडं बोलेल, 'मूळच्या कुठल्या?' विचारेल. चौदा वर्षं इथलीच, म्हणायचं आणि पुढच्या दाराला जायचं.

सासूबाईंना 'शोभा' वाटते, तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. त्या रोज पार्कात फिरायला जात असतील तर त्यांना तिथली खडान्‌खडा माहिती असणार. पाण्याचा कुठला नळ चालतो, कुठल्या वळणावर थंडीत बर्फ साचून लोक घसरतात, बसायला बाक किती अंतरावर आहे आणि त्याला पाठ आहे की नाही, स्वच्छतागृह ऑक्टोबरमध्ये कुलूप लावून बंद करतात तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं. एका वहीत हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्या. उमेदवारांच्या सभेत बाकीचे जेव्हा 'मला निसर्ग आवडतो' म्हणत असतील, तेव्हा तुम्ही उत्तरेकडच्या वळणावरचा बाक आणि कुलूपबंद स्वच्छतागृह काढा. सासूबाई पहिल्या रांगेत बसलेल्या असतील, बघा.

यजमान 'भानगड' म्हणतात, त्यात त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. महिन्याच्या दोन संध्याकाळी तुम्ही घरी नसाल, मीटिंगआधीच्या शनिवारी शंभर पानी गठ्ठा वाचत बसाल, आणि दुकानात कुणी तरी गीझबद्दल ऐकवेल. जेवणाचं, मुलांच्या क्लासचं, सासूबाईंच्या डॉक्टरचं कोण बघणार, ते एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. आणि त्याच बैठकीत आणखी एक विषय काढा. तुम्ही उभ्या राहणार असाल तर क्लबाचं खजिनदारपद ते सोडणार की ठेवणार? दोन्हींत गैर काही नाही. पण दारावर पहिला माणूस हे विचारेल तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार हवं, आणि ते पहिली सही घेण्याआधी, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत ठरलेलं हवं.